साचेवाल्याचे दुसरे शिक्षण

गिरणी कामगार हा मराठी वाङ्मयाला अपरिचित मनुष्य नव्हे. मामा वरेरकरांनी ‘धावता धोटा’ ह्या कादंबरीतून आणि ‘सोन्याचा कळस’ ह्या नाटकातून १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच त्याला पुस्तकात व रंगमंचावर आणले. अण्णा भाऊ साठ्यांनी त्याला शाहिरीचा आवाज दिला, नारायण सुर्व्यांनी त्याच्या बोलीला कवितेत मानाने बसविले आणि जयंत पवारांनी त्याच्या घराची पडझड नाटकात व कथेत मांडली. संप, मोर्चा, टाळेबंदी, दहा बाय बाराची खोली, गावाकडे जाणारी मनिऑर्डर ही सारी सामग्री आपल्या लेखकांनी इतकी हाताळली आहे की तीत नवे काही सांगणे आता दुरापास्त झाले आहे.

तथापि ह्या भरगच्च चित्रात एक जागा कोरी राहिली आहे. गिरणी बंद पडली. हिशेब झाला किंवा झालाच नाही. त्यानंतर सरकारच्या पैशाने चालणाऱ्या एखाद्या वर्गात पंचेचाळीस-पन्नाशीचा साचेवाला बाकावर बसला आहे. समोर त्याच्या मुलाच्या वयाचा मास्तर उभा आहे आणि मोटारीचे वाइंडिंग कसे भरावे, नाहीतर पंपाचा बिघाड कसा ओळखावा, हे त्याला शिकवीत आहे. विणण्यात पंचवीस वर्षे मुरलेल्या बोटांना आता तांब्याची तार गुंडाळायची आहे. हा मनुष्य, हा वर्ग आणि ही दुपार मराठी कथेत, कादंबरीत वा नाटकात ठसठशीतपणे कोठे उतरली आहे काय? उतरलेली नाही, असे मला म्हणावे लागते. ही केवळ विषयाची उणीव नव्हे. आपले वाङ्मय श्रमिकाकडे कोणत्या नजरेने पाहते आणि कोठे पाहावयाचे टाळते, ह्याचा तो पुरावा आहे, असे माझे मत आहे.

प्रथम त्याचे पहिले शिक्षण कसे झाले हे ध्यानात घेतले पाहिजे; त्यावाचून दुसऱ्या शिक्षणातील अवघडपणा कळणार नाही. मुंबईच्या गिरणीत विणकर घडविण्याची शाळा नव्हती. १८८७ साली निघालेली व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्था होती, परंतु ती देखरेख करणाऱ्यांची आणि तंत्रज्ञांची. कोकणातून वा घाटावरून आलेल्या पोराची नव्हे. तो पोरगा यावयाचा तो चुलत्याच्या नाहीतर गाववाल्याच्या ओळखीने. जॉबरच्या मर्जीने त्याला बदली म्हणून आत घेतले जाई आणि चुलत्याच्या शेजारी उभा राहून तो साचा शिके. धागा तुटल्याचे डोळ्यांनी दिसण्याआधी कानांना कळावे, खात्यातील शेकडो साच्यांच्या कल्लोळात आपल्या साच्याचा बिघडलेला ठोका वेगळा ऐकू यावा, इथवर त्याची मजल जाई. ह्या विद्येला प्रमाणपत्र नव्हते. नाते हीच तिची फी आणि नाते हीच तिची शिफारस. साचेखाते, त्रासनखाते, वाइंडिंग अशा खात्यांत जातीच्या, जिल्ह्याच्या आणि स्त्री-पुरुषभेदाच्या भिंतीही होत्या. तेव्हा ह्या गुरुकुलाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण ते गुरुकुल होते खरे.

ह्या विद्येचे वर्णन आमच्या साहित्यात किती आले आहे? अत्यंत थोडे. वरेरकरांनी कादंबरीच्या शीर्षकात धोट्याला स्थान दिले, ह्याचे आजही कौतुक वाटते. कारण पुढच्या बहुतेक लेखनात यंत्राचा आवाज येतो, कौशल्य येत नाही. भोंगा वाजतो, पाळी सुटते, माणसे घामाने निथळत बाहेर पडतात. पण आत आठ तास त्यांनी नेमके काय केले ते लेखकाला ठाऊक नसते, आणि त्याची त्याला खंतही नसते. कामगार म्हणजे त्याचा पगार, त्याची भूक आणि त्याचा झेंडा, अशी समजूत करूनच आपण लिहीत आलो. मनुष्याला काय येत होते हे ज्याने पाहिले नाही, त्याला त्या मनुष्याचे काय गेले हेही पुरते दिसत नाही. पगार गेलेला दिसतो, विद्या गेलेली दिसत नाही. सरकारी योजनाही नेमकी ह्याच ठिकाणी ठेचकाळली, आणि म्हणून साहित्याचे अज्ञान व शासनाचे अज्ञान ही एकाच घरची दोन भावंडे आहेत असे मी म्हणतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला संप सर्वांस ठाऊक आहे. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो विधिवत् कधी मागे घेतला गेला नाही. झिजत झिजत संपला. १९८३ साली तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन केंद्र सरकारने आपल्याकडे घेतले. काही गिरण्या अर्ध्यामुर्ध्या चालू लागल्या, काही कायमच्या थांबल्या. हा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. मला पाहावयाचे आहे ते त्यानंतरच्या शासकीय वाङ्मयाकडे. ‘वाङ्मय’ हा शब्द मी उपहासाने वापरीत नाही. टिप्पणी, ठराव, अधिसूचना, योजना ह्या रचनांत पात्रे असतात, कालावधी असतो, एक अपेक्षित शेवट असतो. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या हातून हे वाङ्मय रोज लिहिले जाते, आणि त्याचे रसग्रहण करण्याचा प्रसंग मात्र सहसा येत नाही.

पहिली रचना म्हणजे १५ सप्टेंबर १९८६ पासून अमलात आलेली वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी योजना. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणातून ती निघाली. खाजगी क्षेत्रातील गिरणी कायमची बंद झाल्यास कामगाराला पहिल्या वर्षी वेतनाच्या पंचाहत्तर टक्के, दुसऱ्या वर्षी पन्नास टक्के आणि तिसऱ्या वर्षी पंचवीस टक्के साहाय्य द्यावयाचे, मग पूर्णविराम. जुन्या शाळेत आपण पावकी, निमकी, पाउणकी घोकली. येथे ती उलट्या क्रमाने म्हणावयाची आहे. ह्या उतरत्या पायरीमागे एक कथानक गृहीत धरलेले आहे. पहिल्या वर्षी मनुष्य थोडा धडपडेल, दुसऱ्या वर्षी थोडे मिळवू लागेल, तिसऱ्या वर्षी स्वतःच्या पायांवर उभा राहील. म्हणजे साहाय्य ज्या प्रमाणात घटते त्या प्रमाणात मनुष्य सावरत जातो. हे कथानक आशावादी आहे, रेखीव आहे, आणि कोणत्याही परीकथेइतकेच अनुभवापासून दूर आहे. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी घरात थोडेफार शिल्लक असते, गिरणी पुन्हा सुरू होईल ही आशा असते. तिसऱ्या वर्षी दागिने गेलेले असतात आणि मुलीच्या लग्नाची तारीख पुढे ढकललेली असते. गरजेची पायरी चढत जाते तेव्हा मदतीची पायरी उतरत जाते.

ह्याच योजनेत दुसरे एक कलम आहे. कामगाराने अन्यत्र नोकरी धरली की साहाय्य थांबावयाचे. हिशेबाच्या दृष्टीने ह्यात काही गैर नाही. पण कथेच्या दृष्टीने पाहिले म्हणजे हे कलम नायकाला दोन वाक्ये एकदम सांगते: ऊठ, काम शोध, आणि काम शोधलेस तर ते आम्हांस कळू देऊ नकोस. तिसरे कलम पात्रतेचे. सलग पाच वर्षे सेवा हवी, आणि गिरणी रीतसर परवानगीने बंद झालेली हवी किंवा तिच्यावर समापक नेमलेला हवा. बदली कामगाराची सेवा सलग कशी असणार? दाराला कुलूप आहे, भोंगा मुका आहे, पण कागदावर गिरणी बंद झालेलीच नाही, अशा ठिकाणच्या माणसाने स्वतःला काय समजावे? उपाशी मनुष्याला आधी आपण उपाशी असल्याचा दाखला आणावा लागतो, ही आपल्या कारभाराची जुनी खोड आहे.

दुसरी रचना अधिक महत्त्वाकांक्षी. १९९१ च्या औद्योगिक धोरणापाठोपाठ फेब्रुवारी १९९२ मध्ये राष्ट्रीय नवीकरण निधी स्थापन झाला. नावच पाहा: नवीकरण. कशाचे? उद्योगाचे की माणसाचे? ठरावाच्या हेतूंत पुनःप्रशिक्षण आणि पुनर्नियोजन हे शब्द अग्रभागी होते. मुंबई, अहमदाबाद, कानपूर, इंदूर, कलकत्ता अशा आजारी उद्योगांच्या शहरांत कामगारांना सल्ला देणारी व नवा धंदा शिकविणारी केंद्रे काढण्याचा उपक्रम झाला. परंतु निधीतील पैशाचा फार मोठा भाग खर्च झाला तो केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांतील स्वेच्छानिवृत्तीवर. शिकविण्याच्या वाट्याला अल्पांश आला. २००० साली हा निधी गुंडाळण्यात आला. म्हणजे माणसाला काढण्याचा खर्च हा मुख्य ग्रंथ झाला आणि त्याला शिकविण्याचा खर्च हे परिशिष्ट.

‘स्वेच्छानिवृत्ती’ ह्या शब्दाबद्दल एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. मराठीत जे जे स्वेच्छेने होते त्याला आपण सहसा ‘स्वेच्छा’ हे विशेषण लावीत नाही. स्वेच्छाविवाह, स्वेच्छाभोजन असे आपण म्हणत नाही. स्वेच्छेची शंका यावी अशा ठिकाणीच तो शब्द चिकटवावा लागतो. ‘सुसूत्रीकरण’ हा दुसरा असाच शब्द. १९२८ साली मुंबईच्या कामगारांनी सहा महिने संप केला तो ह्याच कल्पनेविरुद्ध, म्हणजे दोन साच्यांच्या जागी विणकराने तीन साचे सांभाळावेत ह्या मागणीविरुद्ध. मालक त्याला सुसूत्रीकरण म्हणत. ज्याच्या हातात सूत्र असे तो त्याला काय म्हणे, ते छापण्याजोगे नसावे.

तिसरी रचना मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतील अठ्ठावन्नावा नियम. १९९१ मध्ये तो आला तेव्हा गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे करून एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि एक मालकासाठी असा विचार त्यात होता. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटे केवळ मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरते उरले, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती उचलून धरली. त्या जमिनीच्या वादाने वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरले. पण त्याच दुरुस्तीत एक उपकलम आहे, ज्याकडे कोणा कादंबरीकाराचे लक्ष गेले असते तर बरे झाले असते. मालकाने गिरणी हलविली अथवा वेगळा उद्योग काढला, तर १ जानेवारी २००० रोजी कामावर असलेल्या कामगाराला, किंवा त्याच्या कुटुंबातील निदान एकाला, आवश्यक ती अर्हता वा कौशल्य असल्यास अग्रक्रमाने नोकरी द्यावी; आणि भरतीपूर्वी उमेदवारांचे प्रशिक्षण मालकाने पुरे करावे. हेतू उदात्त आहे. परंतु तारीख पाहा. १९८२ च्या संपात जो गेला तो २००० च्या पटावर कोठून असणार? अट पाहा. नोकरी त्याला, ज्याच्याकडे कौशल्य आहे. प्रशिक्षणही त्यालाच, जो उमेदवार ठरला. ज्याला पोहता येते त्याला पोहावयास शिकवू, असा हा करार. आणि ‘वेगळा उद्योग’ ह्या दोन शब्दांत पुढे काय काय मावले हे लोअर परळला जाणाऱ्या प्रत्येकाला दिसते. फिनिक्स गिरणीच्या आवारात आज दुकानांचा झगमगाट आहे. पवारांच्या कथासंग्रहाला ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ हे नाव मिळाले त्यामागे ही राख आहे. त्या संग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

येथे योजनाकारांवर अन्याय होऊ नये. १९८६ चा मसुदा ज्यांनी लिहिला ते निर्दय नव्हते. गिरणी बंद झाली म्हणजे कामगाराचे काय, हा प्रश्न दफ्तरात नोंदवून घेणे आणि त्यासाठी पैसा बाजूला काढणे, ही लहान गोष्ट नव्हे. शिवाय पुनःप्रशिक्षण ही कल्पना आपल्याकडे आली ती ज्या देशांतून, तेथे तिच्या पाठीशी बेकारभत्ता उभा होता. अमेरिकेने १९६२ साली परदेशी व्यापारामुळे काम गमावलेल्यांसाठी साहाय्याचा व नव्या शिक्षणाचा कायदा केला, तेव्हा शिकत असता घर चालावे ही सोय त्यात गृहीत होती. आपण वर्ग आणला, आणि वर्गात बसलेल्या माणसाच्या घरची चूल मात्र त्याच्या बायकोच्या खानावळीवर सोपविली. गिरणगावातील ज्या बायका डबे करीत, मसाले कुटीत, त्यांना कोणत्याही योजनेने शिकविले नव्हते.

अहमदाबादचे उदाहरण आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोरचे आहे. मुंबईत एक महासंप तरी झाला. अहमदाबादेत गिरण्या एकामागून एक, जवळजवळ आवाज न करता मिटल्या. गांधीजींच्या आशीर्वादाने १९२० साली स्थापन झालेला मजूर महाजन संघ तेथे होता आणि सामंजस्याची परंपरा होती. शेवट मात्र वेगळा झाला नाही. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन ह्यांनी त्या शहराच्या गिरणी कामगारांचा उदय आणि अस्त ह्यावर २००४ साली ग्रंथ लिहिला आणि छायाचित्रकार पार्थिव शाह ह्यांच्यासमवेत चित्रांचे एक पुस्तकही त्याच सुमारास काढले. ब्रेमन दाखवितात ते असे की बहुसंख्य कामगार नव्या धंद्यात स्थिरावले नाहीत; ते असंघटित बाजारात खाली घसरले. कोणी रिक्षा हाती घेतली, कोणी हातगाडी, कोणी पहारेकरी झाला. उत्पन्न घटले हे एक. पण पाळीची वेळ, भविष्यनिर्वाह निधी, रजा, सोसायटीचे कर्ज, ओळखपत्र ह्या ज्या गोष्टींनी मनुष्य शहराचा नागरिक होतो त्या सर्व गळून पडल्या. ज्या संघटनेत हिंदू आणि मुसलमान एका खात्यात काम करीत होते ते खातेच उरले नाही, आणि त्याचा संबंध ब्रेमन त्या शहरातील पुढच्या दंग्यांशीही जोडतात. शाह ह्यांची छायाचित्रे पाहताना मला राहून राहून त्यांतील हातांकडे पाहावेसे वाटले. माणसे घरात, दारात, गाडीपाशी उभी आहेत. हात मात्र कशाची तरी वाट पाहत असल्यासारखे लोंबतात.

आता नाटकाकडे. जयंत पवारांचे ‘अधांतर’ १९९७ साली रंगभूमीवर आले. गिरणगावातील चाळीत राहणारे धुरी कुटुंब, सर्वांना कवटाळून उभी असलेली आई, लिहिण्याची आस धरलेला एक मुलगा, क्रिकेटात बुडालेला दुसरा, टोळीकडे ओढला गेलेला तिसरा, आणि मुलगी. संप पार्श्वभूमीला आहे, पण तो ह्या घरात हवेसारखा भरून राहिला आहे. ह्या नाटकाच्या थोरवीबद्दल मला शंका नाही. माझ्या मते तिचे मर्म असे की पवारांनी संपाची कथा बापाच्या पिढीची न करता मुलांच्या पिढीची केली. मी वर ज्याला गुरुकुल म्हटले त्याची साखळी येथे तुटलेली आहे. मुलाला साच्याशेजारी उभे करावयाला साचाच राहिलेला नाही. ती मुले आळशी आहेत म्हणून अधांतरी नाहीत. त्यांना वारशाने मिळावयाचे होते ते काम नाहीसे झाले आहे आणि दुसरे कोणी काही हातात ठेवलेले नाही. क्रिकेट, टोळी आणि कागद ह्या तीन गोष्टी त्या रिकाम्या हातांनी स्वतःच शोधल्या.

गंमत अशी की ह्या नाट्यविषयाला सरकारनेही, न कळत का होईना, एक उत्तर लिहिले. नवीकरण निधी गुंडाळल्यावर २००१-०२ पासून केंद्रीय उपक्रमांतील निवृत्त कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशन, पुनःप्रशिक्षण आणि पुनर्नियोजन अशी योजना आली. थोड्या दिवसांचे छोटे अभ्यासक्रम तिच्यात होते. २००७ साली तीत बदल करण्यात आला तो असा: निवृत्त कर्मचारी स्वतः उत्सुक नसल्यास त्याच्यावर अवलंबून असलेल्या एकाला वर्गात बसता येईल. ह्या एका वाक्यात केवढी कबुली आहे! बाप येत नाही हे दफ्तराला उमगले. पन्नाशीच्या माणसाने पुन्हा पाटीपेन्सिल घेऊन बसावे ह्यातील लाज दफ्तराला उमगली, म्हणून त्याने ‘उत्सुक नसल्यास’ असा सभ्य शब्द योजला. आणि बापाच्या जागी मुलाला बोलाविले. धुरींच्या घरातील एखाद्या मुलाने असा कागद हातात धरून आईला वाचून दाखविला असता तर? नाटक वेगळे झाले असते असे नाही. कदाचित् अधिक भीषण झाले असते, कारण मग त्या घरात आशाही शिरली असती.

‘अधांतर’ आले त्याच १९९७ साली इंग्लंडात ‘द फुल मॉन्टी’ नावाचा चित्रपट निघाला. शेफील्ड शहरातील पोलादाचे कारखाने बंद पडले आहेत आणि बेकार कामगार सरकारी ‘जॉब क्लब’मध्ये दिवस काढीत आहेत. अर्ज कसा लिहावा, मुलाखतीला कसे जावे हे शिकण्याऐवजी ते पत्ते कुटतात. त्यांच्यातील एक पूर्वीचा फोरमन; त्याने नोकरी गेल्याचे बायकोला सहा महिने सांगितलेलेच नाही. पुढे ही मंडळी पैशासाठी रंगमंचावर वस्त्रे उतरविण्याचा कार्यक्रम करतात. सोवळ्या वाचकाने कपाळाला आठ्या घालण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे की चित्रपटाचा विषय नग्नता नसून लाज हा आहे. बेकारभत्त्याच्या रांगेत उभे असता गाणे लागते आणि त्यांचे पाय नकळत ताल धरू लागतात, तो प्रसंग मोठ्या प्रतिभेचा आहे. त्या पटकथाकाराने एक धाडस केले जे आमच्याकडे झाले नाही: तो सरकारी वर्गात जाऊन बसला. तेथील खुर्च्या, कंटाळा, तक्ते, शिकविणाऱ्याचा केविलवाणा उत्साह त्याने पाहिला, आणि त्यातून हसू काढले. पवारांचे नाटक खोल आहे, तो चित्रपट तेवढा खोल नाही. त्याचा शेवट तर उघड उघड टाळीसाठी आहे. पण दफ्तर आणि मनुष्य समोरासमोर आले म्हणजे काय घडते, हे त्यात दिसते. ‘अधांतर’च्या चाळीत सरकार येत नाही.

सरकार आमच्या साहित्यात येते ते एक तर पोलिसाच्या रूपाने, नाहीतर पुढाऱ्याच्या. मदत घेऊन येणारे, अर्धवट, गोंधळलेले, नियमांत गुरफटलेले आणि तरीही काही करू पाहणारे सरकार आमच्या लेखकाला दिसत नाही. ह्याला कारण आम्हीच नोकरदार आहोत. आमच्यातील ज्यांना लेखणीची हौस, त्यांनी बदलीच्या गावांची प्रवासवर्णने लिहिली, साहेबांचे विनोदी किस्से लिहिले, निवृत्तीनंतर आठवणी लिहिल्या. तीत कधी कधी बहार आहे. परंतु ज्या टेबलावरून पंचाहत्तर, पन्नास, पंचवीस हे आकडे गेले त्या टेबलाची कथा कोणी लिहिली नाही. मामा वरेरकर तरुणपणी टपालखात्यात होते आणि अखेरच्या वर्षांत राज्यसभेचे सभासद म्हणून दिल्लीत. त्यांना खाते आणि सभागृह ही दोन्ही टोके ठाऊक होती. त्यांच्यानंतर ही दोन टोके एका लेखकाच्या हातात क्वचितच आली.

ह्या पोकळीत एक पुस्तक मात्र भक्कम उभे आहे, आणि ते ललित नाही. मीना मेनन आणि नीरा आडारकर ह्यांनी गिरणगावातील माणसांना बोलते करून त्यांच्या तोंडचा शंभर वर्षांचा इतिहास नोंदविला. ते पुस्तक २००४ साली इंग्रजीत निघाले, आणि तेही कलकत्त्याहून. परळ-लालबागचे मराठी बोलणे प्रथम छापील रूपात आले ते दुसऱ्या भाषेतून आणि हुगळीच्या काठावरून. मग ते मराठीत परतले. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी मासिक चालविणाऱ्यांना ह्यात थोडे हसू यावे, थोडा धीरही यावा. त्या निवेदनांत शाहीर आहेत, कार्यकर्ते आहेत, स्त्रिया आहेत. आणि ज्या ठिकाणी जुना कामगार आपल्या कामाबद्दल बोलू लागतो तेथे त्याचा स्वर बदलतो. तक्रारीच्या स्वरातून तो जाणकाराच्या स्वरात शिरतो. कथाकादंबऱ्यांत ज्याची उणीव मी वर सांगितली ते येथे सहज सापडते, कारण येथे लेखकाने आपले तोंड मिटून ठेवले आहे.

कोणी म्हणेल, वर्गात बसलेल्या म्हाताऱ्याची गोष्ट ती काय? तीत संघर्ष कोठे? मला हा आक्षेप मान्य नाही. ज्याला एक विद्या पूर्ण येते त्याला दुसऱ्या विद्येत प्रथमपासून अडाणी व्हावे लागते, आणि ते त्याच्या पोटापायी. चुकला तर पोरगेला मास्तर दटावतो. बरोबर केले तरी बाहेर त्या धंद्याचे दुकान काढावयास भांडवल नाही, आणि जे दुकान आहे त्याच्या मालकाला विशीचा पोर स्वस्तात मिळतो. हे तो पहिल्या आठवड्यातच ओळखतो. तरी विद्यावेतनासाठी, किंवा घरात दिवसभर बसवत नाही म्हणून, किंवा अजून आपल्याला कोणी बोलावते आहे ह्या भावनेने तो येत राहतो. ह्याहून सूक्ष्म मानसिक स्थिती एखाद्या कथाकाराला कोणती हवी?

आणि हे दुसरे शिक्षण कधीच फळले नाही असेही नाही. नारायण सुर्व्यांचेच पाहा. १९२६ च्या सुमारास जन्मलेले, टाकून दिलेले मूल. गंगाराम सुर्वे ह्या गिरणी कामगाराने घरी आणून वाढविले. मुलाने गिरणीत काम केले, पडेल ते केले, महापालिकेच्या शाळेत शिपाई झाला. तेथेच मोठ्या वयात सातवीची परीक्षा दिली आणि पुढे शिक्षक झाला. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ १९६२ चे आणि ‘माझे विद्यापीठ’ १९६६ चे. म्हणजे शाळेची घंटा बडविणारा हात खडू धरू लागल्यानंतरची ही पुस्तके आहेत. समीक्षकांनी ‘विद्यापीठ’ ह्या शब्दाचा अर्थ रस्ता, वस्ती, जीवन असा लाविला आणि तो बरोबरच आहे. परंतु त्याच्या तळाशी एक अगदी साधी, रोजची गोष्ट आहे, जिच्याकडे आपण कौतुकाच्या भरात दुर्लक्ष केले: ज्या इमारतीत तो मनुष्य चाकरी करीत होता तिच्यात वर्ग होते, तेथे बसण्याइतका वेळ त्याने स्वतः काढला, आणि परीक्षा पास झाल्यावर त्याच महापालिकेत त्याच्यासाठी एक रिकामी जागा होती. पगार चालू असताना झालेले शिक्षण आणि शिक्षणाच्या शेवटी असलेली जागा, ह्या दोन गोष्टी त्याला लाभल्या. १९८६ च्या, १९९२ च्या आणि २००१ च्या मसुद्यांत पुनर्वसन आहे, नवीकरण आहे, पुनर्नियोजन आहे. ह्या दोन गोष्टी एकत्र मात्र कोठे आढळत नाहीत.